नव्या शहरातला वारा: सॅन फ्रान्सिस्को बे परिसरात विंडसर्फिंगची जागा आणि सामान कसे निवडावे

नोकरीनिमित्त सनीवेल, सॅन होजे किंवा फ्रीमॉन्टला राहायला जाणाऱ्या मराठी माणसांमध्ये विंडसर्फिंग करणारे थोडेच असले, तरी जे आहेत त्यांना निघण्यापूर्वी एकच प्रश्न पडतो, आणि तो म्हणजे बोर्ड आणि शिडे इथून न्यावीत की तिथे गेल्यावर घ्यावीत. माझ्या मते हा प्रश्न पहिला नाहीच, तो शेवटचा आहे. नव्या शहरात आधी वारा समजून घ्यावा, मग पाण्याचा प्रवाह, मग उतरण्याची आणि विशेषतः परत येण्याची जागा, आणि हे सगळे ठरल्यावरच पैसे खर्च करावेत. हा क्रम उलटा केला की घरात वर्षभर न उघडलेल्या पिशव्या साठतात. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरासारख्या ठिकाणी तो उलटा करणे धोक्याचेही ठरते.

गोव्यात किंवा मुंबईजवळ शिकलेल्या माणसाची सवय कोणत्या वाऱ्याची असते हे आधी पाहू. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे तो उपयोगाचा नसतो. प्रत्यक्ष खेळण्याजोगा वारा साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत, दुपारनंतर वायव्येकडून येतो, आणि तो बहुतेक दिवशी १० ते १५ नॉटच्या आसपास असतो. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात बोर्ड पाण्यावर उचलला जाण्यासाठी मोठे शीड लागते, म्हणून आपल्याकडच्या माणसाकडे बहुधा सात-आठ चौरस मीटरची शिडे आणि रुंद, भरपूर तरंगणारा बोर्ड असतो. पाणी इतके उबदार असते की अंगात साधा टी-शर्ट पुरतो. या तीनही गोष्टी बे परिसरात बदलतात.

वारा कुठून येतो

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो असतो. बे परिसरातला उन्हाळी वारा म्हणजे त्याच खाऱ्या वाऱ्याचे फार मोठ्या प्रमाणावरचे रूप आहे. उन्हाळ्यात प्रशांत महासागरावर उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो, किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाकडून थंड पाणी वर येत राहते, आणि डोंगरांपलीकडचे कॅलिफोर्नियाचे मध्य खोरे मात्र ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापलेल्या खोऱ्यावर हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची थंड, जड हवा तिकडे धावते. पण मध्ये किनाऱ्याची डोंगररांग आडवी असल्यामुळे तिला जायला मोजक्याच वाटा मिळतात. गोल्डन गेट, विमानतळाजवळची सॅन ब्रुनो खिंड आणि पूर्वेकडे कार्किनेझची सामुद्रधुनी या त्या प्रमुख वाटा होत. विंडसर्फिंगच्या बहुतेक सगळ्या चांगल्या जागा याच वाटांच्या तोंडाशी किंवा पुढच्या टप्प्यात आहेत, आणि नकाशा उघडून त्या खिंडींवर बोट ठेवता आले की कोणत्या जागेला वारा का आहे आणि शेजारच्याच किनाऱ्याला का नाही, हे आपोआप उलगडते.

हंगाम एप्रिल ते ऑगस्ट. चांगल्या दिवशी दुपारी १८ ते २५ नॉट वारा मिळतो, काही जागी त्याहूनही अधिक. सप्टेंबरनंतर तो विरळ होतो आणि हिवाळ्यात वादळांच्या आगेमागे दक्षिणेकडून येणारा वारा सोडला तर फारसे हाती लागत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात तिथे पोहोचणाऱ्याने घाईघाईने सामान घेऊ नये. पुढचा एप्रिल येईपर्यंत जागा पाहाव्यात, लोकांशी बोलावे आणि हिवाळ्यात स्वस्त होणाऱ्या जुन्या सामानावर लक्ष ठेवावे.

साध्या हवामान ॲपमधला आकडा या भागात फार फसवतो, कारण मोठ्या प्रदेशाची सरासरी काढणाऱ्या प्रारूपांना अरुंद खिंडी नीट दिसत नाहीत. त्याऐवजी पाण्याजवळच्या वायुमापकांच्या त्या क्षणाच्या नोंदी पाहाव्यात आणि सॅन फ्रान्सिस्को व सॅक्रामेंटो यांच्या हवेच्या दाबात किती फरक आहे ते रोज पाहण्याची सवय लावावी. फरक वाढला की खिंडींतून वारा जोर धरतो. धुक्याकडेही लक्ष हवे: धुक्याचा थर दाट होऊन थेट आपल्या जागेवर आला, तर तिथला वारा अनेकदा तुटक होतो आणि आतल्या भागात वाढतो. उलट किनाऱ्यावरच कडक ऊन पडले आणि शहर तापले, तर बहुधा त्या दिवशी वाराच नसतो. आपल्याकडे तापलेली दुपार म्हणजे खाऱ्या वाऱ्याची हमी, असा अनुभव असलेल्यांना हे समजायला थोडा वेळ लागतो.

पाणी: भरतीची उंची नव्हे, प्रवाहाचा वेग

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सॅन फ्रान्सिस्कोत रोजचा सरासरी फरक दोन मीटरलाही पोहोचत नाही. हे आकडे पाहून मुंबईचा माणूस निर्धास्त होतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते. उपसागर प्रचंड आहे आणि त्यातले भरती-ओहोटीचे सगळे पाणी दिवसातून दोनदा गोल्डन गेटच्या सुमारे दीड किलोमीटर रुंदीच्या तोंडातून आत-बाहेर करते. उंचीतला फरक थोडा असला तरी तेवढ्या पाण्याला त्या तोंडातून जायचे असते, म्हणून तिथला ओहोटीचा प्रवाह चार नॉटच्याही वर जाऊ शकतो. बोर्डवर पालथे पडून हाताने वल्हवणारा माणूस जेमतेम दोन नॉटने पुढे सरकतो. म्हणजे वारा पडलेला असताना त्या प्रवाहाविरुद्ध हाताने परत येणे शक्यच नाही.

त्यामुळे भरतीच्या उंचीचे वेळापत्रक पुरत नाही, प्रवाहाचे वेळापत्रक पाहावे लागते. अमेरिकेची सरकारी संस्था नोआ ही दोन्ही वेळापत्रके स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते, कारण पूर्ण भरतीची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एक नसते. पाणी सर्वांत उंच असतानाही प्रवाह आत चालूच असू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह अधिक, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला कमी, हा आपल्या कोळ्यांचा हिशोब मात्र तिथेही तसाच लागू पडतो.

प्रवाहाचा परिणाम शिडाच्या निवडीवरही होतो. समजा पश्चिमेकडून १८ नॉटचा वारा आहे. ओहोटीचे पाणी तीन नॉटने पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चालले असेल, तर त्या पाण्यावर असलेल्या माणसाला वारा २१ नॉटचा लागतो. भरतीच्या वेळी पाणी वाऱ्याबरोबर पूर्वेकडे चालले असेल, तर तोच वारा १५ नॉटचा होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून या दोन स्थितींत शिडावर येणारा जोर जवळजवळ दुपटीने वेगळा असतो. त्याच दिवशी, त्याच जागी, दुपारी दोन वाजता पाच चौरस मीटरचे शीड जड वाटते आणि पाच वाजता अपुरे पडते, याचे कारण बहुतेकदा हे असते. शिवाय ओहोटी वाऱ्याविरुद्ध जात असताना लाटा आखूड आणि उभ्या होतात. नवख्याचे हात आणि गुडघे त्यातच थकतात.

जागा कोणत्या क्रमाने निवडाव्यात

प्रत्येक नव्या जागी सामान न घेता निदान एकदा जावे, तेही हंगामातल्या वाऱ्याच्या दिवशी आणि दुपारी. किनाऱ्यावर उभे राहून वारा किनाऱ्याशी कोणता कोन करतो ते पाहावे. वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे असेल, तर काही मोडले तरी माणूस खाली कुठेतरी किनाऱ्याला लागतो. जमिनीवरून पाण्याकडे वाहणारा वारा मात्र मोडक्या बोर्डला काठापासून दूर ओढून नेतो, आणि काठाजवळ पाणी शांत दिसत असल्यामुळे तो सौम्य असल्याचा भास होतो. मग दुसरी गोष्ट पाहावी: वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे तो ढकलत नेतो तिकडे, बाहेर पडण्यासारखी जागा आहे का, की तिथे खडक, चिखल आणि पुलाचे खांब आहेत? तिसरी गोष्ट विचारण्याची आहे. बाहेर येणाऱ्या माणसाला आज कोणते शीड लावले होते आणि वजन किती, हे नम्रपणे विचारले तर बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि त्या दोन आकड्यांतून मिळणारी माहिती कोणत्याही अंदाजापेक्षा मोलाची असते.

सुरुवात माउंटन व्ह्यू इथल्या शोरलाइन तलावापासून करावी, मग पूर्वी कितीही खेळलेले असो. सुमारे ५० एकरांचा हा खाऱ्या पाण्याचा कृत्रिम तलाव आहे. तिथे प्रवाह नाही, जहाजे नाहीत, वाहून गेले तरी चालत परत येता येते, आणि सामान भाड्याने मिळण्याची व शिकण्याची सोय आहे. वारा थोडा तुटक येतो, पण थंड हवेत, जाड पोशाखात आपले शरीर कसे वागते हे कळायला याहून सुरक्षित जागा नाही.

दुसरी पायरी अलमेडाच्या क्राउन किनाऱ्याची. वाळूचा लांब किनारा, उथळ पाणी, आणि वारा साधारणपणे किनाऱ्याकडे ढकलणारा. सपाट ओहोटीला मात्र पाणी इतके मागे जाते की बोर्ड उचलून चिखलातून चालावे लागते, म्हणून भरतीच्या आसपासची वेळ धरावी.

त्यानंतर सॅन मॅटिओ काउंटीतला कोयोटी पॉइंट. सॅन ब्रुनो खिंडीतून सुटलेला वारा विमानतळावरून थेट इथे उतरतो. गाडीमागे प्रवेशशुल्क द्यावे लागते, पण गवत, नळ आणि कपडे बदलण्याची सोय आहे. इथली खोच अशी की काठाजवळ वारा कमी असतो आणि काही शे मीटर बाहेर गेल्यावर एकदम वाढतो. काठावर उभे राहून शीड निवडणारा माणूस नेहमी मोठे शीड निवडतो. त्याऐवजी बाहेर पाण्यावर पांढरा फेस किती दाट आहे ते पाहून निवड करावी. वाऱ्याविरुद्ध दिशेने वर जाणे, पाण्यातून शिडाच्या ओढीने बोर्डवर उभे राहणे आणि कंबरपट्टा (शिडाची ओढ हातांऐवजी कमरेवर घेणारा पट्टा) वापरणे या तीन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय इथे बाहेरच्या पट्ट्यात जाऊ नये. थोडे दक्षिणेला फॉस्टर सिटीजवळचे थर्ड ॲव्हेन्यू आहे. तिथे वारा उत्तम, पण उतरण्याचा काठ दगडी आहे. फिन (बोर्डखालचे पाते) आणि पाय दोन्ही जपावे लागतात.

शेर्मन आयलंड हे वेगळेच जग आहे. सॅक्रामेंटो नदीच्या त्रिभुज प्रदेशात, दक्षिण उपसागरापासून गाडीने दीड तासाच्या अंतरावर, गोडे आणि उन्हाळ्यात बऱ्यापैकी उबदार पाणी. नदीपलीकडच्या मॉन्टेझुमा टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांगच रांग उभी दिसते, आणि जिथे वीज कंपन्यांनी वाऱ्यावर एवढा भरवसा टाकला तिथे आपणही टाकायला हरकत नाही. खोऱ्यातली उष्णतेची लाट ओसरू लागली की इथे वारा पहाटेपासूनच जोरात असतो. नदीत पाणवनस्पती असतात, म्हणून मागे झुकलेला, वनस्पती न अडकणारा फिन जवळ ठेवावा. कोकणातल्या उबदार पाण्यावर शिकलेल्या माणसाला बे परिसरात कुठे सर्वांत आधी घरच्यासारखे वाटत असेल, तर ते इथे, असे मला मनापासून वाटते.

क्रिसी फील्डबद्दल शेवटी लिहीन.

सामान

पहिली खरेदी वेटसूटची, म्हणजे थंड पाण्यात ऊब टिकवणाऱ्या रबरी पोशाखाची. शीड आणि बोर्ड भाड्याने मिळतात, जुने मिळतात, उसने मिळतात. अंगाला घट्ट बसणारा वेटसूट स्वतःचाच हवा. गोल्डन गेटजवळ भर उन्हाळ्यातही पाणी १२ ते १४ अंश सेल्सिअस असते. अशा पाण्यात पोशाख अपुरा असेल, तर आधी बोटांची पकड जाते, आणि पकड गेलेला माणूस बूम, म्हणजे शिडाचा हाताने धरायचा आडवा दांडा, धरू शकत नाही. ४/३ असे लिहिलेला सूट, म्हणजे धडाला ४ आणि हातापायांना ३ मिलिमीटर जाडीचा, उपसागरात उन्हाळाभर चालतो. घालून पाहताना कमरेच्या मागे आणि काखेत पोकळी राहत नाही ना हे तपासावे, कारण त्याच पोकळीतून थंड पाणी खेळत राहते. सोबत निओप्रीनचे बूट, आणि गोल्डन गेटजवळ जायचे असेल तर डोक्याला टोपी.

शिडाचा आकार ठरवण्याची एक ढोबळ रीत आहे: किलोमधले वजन गुणिले १.४, भागिले नॉटमधला वारा. ७५ किलोच्या माणसाला २० नॉटमध्ये सुमारे ५.३ चौरस मीटर, १५ नॉटमध्ये ७, आणि २५ नॉटमध्ये ४.२. यावरून दिसते की भारतातून आणलेले आठ चौरस मीटरचे शीड तिथल्या उन्हाळ्यात क्वचितच उघडले जाईल. ७५ किलोच्या आसपासच्या माणसाने सुरुवातीला ५.२ ते ५.५ चे एकच शीड घ्यावे, मग ४.५ चे, आणि त्यानंतर गरज वाटली तर सहा-साडेसहाचे. एकदम चार शिडांचा संच घेण्याचा मोह टाळावा; आपली ठरलेली जागा कोणती हे पहिल्या हंगामाच्या मध्यावर कळते आणि आकार त्यावर अवलंबून असतात.

बोर्डच्या बाबतीत लिटरमधला आकडा पाहावा. जितके लिटर, साधारण तितके किलो वजन बोर्ड पेलतो, पण त्यात बोर्डचे स्वतःचे आणि शीड-डोलकाठीचे मिळून पंधरा-वीस किलो धरावे लागतात. म्हणून ७५ किलोच्या माणसाला उभे राहून दोरीने शीड वर ओढायचे असेल तर निदान ११० ते १२० लिटरचा बोर्ड हवा, आणि नवशिक्याला १६० च्या पुढचा, मध्ये सुरीसारखी पाती असलेला. पाण्यातून शिडाच्या ओढीने उठता येऊ लागले की ९५ ते १०५ लिटरचा बोर्ड वाऱ्याच्या दिवसांत अधिक आटोक्यात राहतो. वारा पडल्यावर मात्र बुडू पाहणाऱ्या छोट्या बोर्डवर घर गाठणे कठीण असते, म्हणून पहिल्या वर्षी थोडे जास्त लिटर असणे शहाणपणाचे आहे.

डोलकाठीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग शीड नीट बसत नाही म्हणून शिडाला दोष देतात. लांबी शिडावर छापलेली असते, बहुधा ३७० पासून ४९० सेंटिमीटरपर्यंत. त्याशिवाय दोन गोष्टी जुळायला हव्यात: जाडी आणि वाकण्याची रीत. बारीक व्यासाच्या आणि जाड व्यासाच्या काठ्यांना खालचे जोडतुकडे वेगळे लागतात, आणि प्रत्येक उत्पादकाची शिडे विशिष्ट प्रकारे वाकणाऱ्या काठीसाठी बेतलेली असतात. पाच-साडेपाचच्या शिडांसाठी ४०० ची बारीक काठी घेतली, तर ती ४.५ लाही बहुधा चालून जाते, आणि तेवढ्याने एक काठी वाचते.

भारतातून काय न्यावे याचे उत्तर आता सोपे झाले. कंबरपट्टा, तरंगजाकीट, बूट आणि चांगल्या अवस्थेतले पाच-साडेपाचचे शीड असेल तर ते न्यावे. बोर्ड आणि डोलकाठी विकून टाकावी. ४३० ची काठी दोन तुकड्यांत उघडली तरी प्रत्येक तुकडा दोन मीटरहून लांब राहतो, आणि विमानाने नेण्याचा खर्च तिथल्या जुन्या काठीच्या किमतीला सहज गाठू शकतो.

तिथे जुने सामान भरपूर मिळते, कारण अनेक जण विंगफॉइलकडे, म्हणजे हातात धरायचा फुगवलेला पंख आणि पाण्यावर उचलला जाणारा बोर्ड असलेल्या खेळाकडे, वळले आहेत. घेताना बोर्डवर अंगठ्याने सगळीकडे, विशेषतः टाचा टेकतात तिथे, दाबून पाहावे. मऊ लागले तर आतले थर सुटलेले आहेत. डोलकाठीच्या खाचेजवळ आणि फिनच्या पेटीजवळ तडे शोधावेत. फिनची पेटी कोणत्या प्रकारची आहे हे लिहून घ्यावे, कारण एका प्रकारचा फिन दुसऱ्यात बसत नाही. शिडाची पारदर्शक फिल्म उन्हाने पिवळी आणि कडक झाली असेल तर ती लवकरच फाटणार. आणि बोर्डला डोलकाठी जोडणारा रबरी सांधा कोणी फुकट दिला तरी नवाच घ्यावा. तो भर पाण्यात तुटला तर बोर्ड एकीकडे आणि शीड दुसरीकडे जाते. त्याला आधाराची दोरी आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

सामान ठेवणार कुठे, हाही विचार घर भाड्याने घेतानाच करावा. गॅरेज नसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अडीच मीटरचा बोर्ड रोज चढवणे-उतरवणे होत नाही, आणि जे सहज होत नाही ते हळूहळू बंद पडते.

क्रिसी फील्ड

गोल्डन गेट पुलाच्या आत, पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तर काठावरचा हा किनारा जगभरातल्या विंडसर्फिंग करणाऱ्यांना माहीत आहे. शिडे जोडायला मऊ गवत, समोर अल्काट्राझ बेट, डावीकडे पूल, आणि पुलाखालून थेट येणारा वारा. देखणेपणात याच्या तोडीची जागा मला माहीत नाही, आणि चुकीला इतकी कमी माफी देणारीही. ओकलंडला जाणारी मालवाहू जहाजे याच पाण्यातून जातात. ती थांबू शकत नाहीत, वळू शकत नाहीत, आणि अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांनुसार अरुंद मार्गातून जाणाऱ्या अशा जहाजाला अडथळा न करण्याची जबाबदारी शिडाच्या लहान नावेवर असते. मोठे जहाज जवळून गेले की त्याच्या आडोशाला वारा क्षणात नाहीसा होतो. म्हणून जहाज पुलाखाली दिसताच त्याचा मार्ग सोडून, किनाऱ्याच्या बाजूला यावे.

इथे संध्याकाळी काठाजवळचा वारा आधी पडतो आणि बाहेरचा नंतर. बाहेर मजा चालू असताना परतीची वाट आतून बंद होत असते. पहिल्या काही वेळा प्रवाह स्थिर होऊन भरती सुरू होण्याची वेळ निवडावी, कारण मग वाहत गेले तरी माणूस उपसागराच्या आत जातो. ओहोटीत वारा पडला तर तो पुलाखालून महासागराकडे जातो. एकट्याने उतरू नये. जलरोधक व्हीएचएफ रेडिओ (जहाजांवर वापरतात तसा बोलण्याचा छोटा संच) अंगावर बांधावा. संकटासाठी १६ क्रमांकाचा चॅनेल आहे, आणि जहाजांची वाहतूक नियंत्रित करणारे केंद्र १४ वर बोलते. शिट्टी आणि लुकलुकणारा दिवा जाकिटाच्या खिशात असावा.

काही मोडले तर बोर्ड कधीही सोडू नये. दोन्ही हात बाजूंनी सावकाश वर-खाली करत राहणे ही मदतीची सर्वमान्य खूण आहे. मदत दिसत नसेल आणि किनारा आवाक्यात असेल, तर पाण्यातच शीड सैल करून काठीभोवती गुंडाळावे, बोर्डवर लांब ठेवावे, त्यावर पालथे पडावे आणि प्रवाहाशी काटकोनात वल्हवावे, समोर दिसणाऱ्या जागेकडे नव्हे. ही सगळी कृती शोरलाइन तलावावर, शांत दिवशी, मुद्दाम पाण्यात पडून दोन-तीनदा करून पाहावी आणि मगच क्रिसीचा दिवस ठरवावा.